मेल गेल्यावरची रताळी

आमच्या घरात रताळी भाजायला घड्याळ लागत नसे. रात्रीची जेवणं उरकली की आमची आजी, जिजी, चुलीतली लाकडं मागे ओढून विझवायची, मागे राहिलेले निखारे आणि राख उलथन्याने सारखी करायची आणि त्यात रताळी पुरायची. स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर. एक मेल धडधडत गेली की रताळी उलटायची, दुसरी गेली की काढायची. आम्ही पोरं चुलीभोवती गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. मधेच कुणी काडीने राख उकरायला लागलं की जिजी अहिराणीत दटावायची, "थांब रे भो, आजून कच्चं शे." गाडी लेट असली की रताळी राखेत तेवढी जास्त राहायची, आणि त्या रात्री ती हमखास जास्त गोड निघायची.

त्या चुलीभोवतीची आम्ही सख्खी-चुलत भावंडं आता पांगलो आहोत. कुणी कल्याणला, कुणी पुण्याला, कुणी सुरतेला, एक बहीण न्यू जर्सीत. सगळ्यांकडे हल्ली रताळ्याचं सूप होतं. थंडीत होतं, कुणाचं पोट बिघडलं की होतं, नातवंडं भाज्या खात नाहीत म्हणून होतं. ज्याच्या त्याच्या घरी ते वेगळ्या भांड्यात होतं, पण फोनवर बोलताना प्रत्येक जण येऊन पोहोचतो तो जिजीच्या कढणापाशीच. ते कढण कसं व्हायचं आणि त्याला ती चव कशाने यायची, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं.

घर चाळीसगावात, स्टेशनच्या बाजूला, भाड्याचं. पुढे ओसरी, मधे अंधाऱ्या दोन खोल्या, मागे पडवीत चूल आणि परसात शेवग्याचं झाड. थोरले काका, म्हणजे अण्णा, रेल्वेत. आमचे वडील लक्ष्मीनारायण गिरणीत. धाकटे काका शाळेत मास्तर. त्यामुळे घराला तीन वेळापत्रकं होती: गाड्यांचं, गिरणीच्या भोंग्याचं आणि शाळेच्या घंटेचं. तिन्ही सांभाळत मोठी आई, आई आणि काकू दिवसभर चुलीपुढे असायच्या. चाळीसगाव जंक्शन, म्हणून सगळा गाव गाड्यांवरच वेळ ओळखायचा. १९०० साली सुरू झालेली धुळ्याची शाखा इथूनच फुटते. ती धुळे गाडी निघाली की दुपारच्या चहाचं आधण पडायचं. स्टेशनजवळच्या बंगल्यात राहणारे छायाचित्रकार केकी मूस रात्रीची मेल येऊन गेल्याशिवाय जेवत नाहीत, अशी गावात वदंता होती. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यातून अख्खी निसर्गदृश्यं उभी करणारा हा माणूस १९८९ साली जाईपर्यंत त्या घराबाहेर क्वचितच पडला. आम्हा मुलांना त्यांच्या कलेतलं काही कळत नव्हतं. मेलची वाट पाहणारं आणखी एक घर गावात आहे, एवढ्यावरच ते आम्हाला आपले वाटायचे.

रताळी यायची ती मामांकडून. मामांचं शेत मेहुणबाऱ्याच्या अंगाला, गिरणेच्या काठी. आमच्या भागातली काळी जमीन कपाशीला चांगली, पण रताळ्याला नाही. चिकट मातीत ते फुगत नाही, वेडंवाकडं होतं, आणि काढताना निम्मी रताळी तुटतात. त्याला हवी हलकी, भुसभुशीत, पाणी निथळून जाणारी जमीन. ती नदीकाठी असायची. मामा वेलाचे हातभर तुकडे सरीच्या वरंब्यावर खोचायचे. बी पेरायची भानगड नाही. चारेक महिन्यांत पीक हाती यायचं. वेल सगळीकडे पसरायचा आणि त्याला फिकट जांभळी, कर्ण्याच्या आकाराची फुलं यायची, कारण रताळं हे गारवेलीच्याच कुळातलं. काढणीच्या आधी वेल कापून म्हशींना घालायचे. मग कुदळीने वरंबा फोडला की खालून लाल सालीचे घोस निघायचे. मामा ती मुळं हाताने झटकून पोत्यात भरायचे आणि बजावायचे, "धुऊ नका बरं का, बाई."

जिजीही धुऊ द्यायची नाही. पोतं आलं की पडवीत गोणपाट अंथरून रताळी मोकळी पसरायची आणि आठवडाभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. आम्हाला तो आठवडा फार मोठा वाटायचा. कुदळीने लागलेल्या जखमा तेवढ्या दिवसांत वाळून त्यावर नवी साल धरते, रताळं टिकतं, आणि आतल्या पिठाची थोडी साखर व्हायला लागते. जिजीला यातलं शास्त्र कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या सासूने तसं केलं, तिच्या सासूच्या सासूने तसं केलं, आणि ताजं रताळं पिठूळ लागतं हे जीभच सांगत होती.

आता त्या लेट गाडीच्या गोडीबद्दल. आमच्यातला एक जण पुढे शेतकी शिकला, त्याने हे उलगडून सांगितलं तेव्हा आम्ही थक्क झालो. रताळ्यात एक पाचकद्रव्य असतं, ते पिठाचं साखरेत रूपांतर करतं. साधारण ६० ते ७५ अंशांच्या उबेत ते जोरात काम करतं. रताळं त्या उबेतून सावकाश गेलं तर साखर भरपूर तयार होते. उकळत्या पाण्यात टाकलं किंवा कुकरला लावलं तर ऊब झरकन वर चढते, पाचकद्रव्य निकामी होतं आणि रताळं शिजतं खरं, पण गोड व्हायचं राहून जातं. विझत्या चुलीची राख म्हणजे नेमकी ती सावकाश चढणारी ऊब. मेल लेट झाली की रताळ्याला आणखी वेळ मिळायचा. जपानात तापलेल्या खड्यांमध्ये रताळी सावकाश भाजून गाडीवर विकतात, तीही याच कारणाने गोड लागतात.

राखेतून काढलेलं रताळं मोठी आई फडक्यात धरून आपटायची. राख झडली की सालीवर जागोजागी काळा, चिकट पाक फुटून आलेला दिसायचा. तो बोटाने खरवडून चाटायला आमची भांडणं. साल सुटून आलेली असायची, आतला गर पिवळसर पांढरा आणि देठाकडे दोरे. दोन्ही टोकं मोडून टाकायची, कारण सगळे दोरे तिथेच जमतात. हे आजही आम्ही न चुकता करतो.

घरात रताळ्याचे दिवस ठरलेले होते. आषाढी, कार्तिकी आणि महाशिवरात्र. त्यात महाशिवरात्र मोठी, कारण नवी रताळी तेव्हा मुबलक. शिवरात्रीला कधी वालझिरीला, वाल्मीक ऋषींच्या स्थानाला जायचं, कधी बैलगाडीने पाटणादेवीला. पाटण्याला डोंगराच्या कुशीत महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. धाकटे काका आम्हाला प्रत्येक वेळी सांगायचे, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, तसा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख इथे आहे आणि डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. गणिताचं नाव निघालं की आम्ही काकूंच्या फडक्यातली रताळी कुठवर आली ते बघायचो. देवळाच्या पायरीवर बसून गार भाजकी रताळी खायची आणि वर झऱ्याचं पाणी प्यायचं. त्या पाण्याची चव अजून सगळ्यांना आठवते.

कढण त्या काळी सणाचं नव्हतं, आजाऱ्याचं होतं. कुणी मुदतीच्या तापातून उठलं, कुणाच्या तोंडाची चव गेली, की जिजी एखाद-दुसरं भाजकं रताळं घेऊन वाटीभर कढण करायची. त्यामुळे ते मिळावं म्हणून आम्ही आजारी पडायला तयार असायचो. ते अख्ख्या घराचं झालं दुष्काळात.

१९७२ चा दुष्काळ खानदेशालाही सोसावा लागला. पाऊस आलाच नाही. शेतकरी घरची माणसं रस्त्याच्या, नालाबांधाच्या, पाझर तलावाच्या कामांवर खडी फोडायला गेली. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीचा रंग पाहूनच धाकट्या भावाला रडू यायचं. कामावर सुखडी वाटत, शाळेतही ती मिळायची. मामांनी त्या वर्षी वेल लावलाच नाही, गिरणेच्या पात्रात डबकी उरली होती. १९७३ ची महाशिवरात्र आली तेव्हा बाजारातली रताळी महाग, बारीक आणि थोडी. घरात खाणारी तोंडं मात्र तितकीच, शिवाय मेहुणबाऱ्याहून मामांची दोन मुलंही आमच्याकडे राहायला आलेली. फोडी वाटायला बसलं असतं तर प्रत्येकाच्या वाट्याला घास-दोन घास आले असते. जिजीने सगळी रताळी राखेत भाजली, मोठं पातेलं मागवलं आणि सगळ्यांचं एकत्र कढण केलं. वाटी वाटी प्रत्येकाला, वर मामांच्या पोरांना दुसऱ्यांदा. आई सांगायची, की त्या दिवशी जिजीने स्वतःसाठी पातेलं विसळून घेतलं. आम्ही लहान होतो, आमच्या ते लक्षातही आलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला, रताळी आली, तरी शिवरात्रीला कढण राहिलं ते राहिलंच.

ते व्हायचं असं. भाजक्या रताळ्याचा गर पितळी पातेल्यात काढायचा आणि गरम असतानाच त्यावर कोमट पाणी घालून रवीने घुसळायचा. रवी काकूंच्या हातात. दोन्ही तळव्यांमध्ये दांडा धरून त्या असा वेग द्यायच्या, की गर पाण्यात मिसळून दाट, फिकट पिवळा व्हायचा आणि उरलेले दोरे रवीच्या पाकळ्यांना गुंडाळून वर यायचे. गाळायची गरजच पडायची नाही. दोरे काढून टाकून रवी चाटायची पाळी लावलेली होती, आणि ती मोडण्यावरून वर्षानुवर्षांचे हिशेब अजून निघतात. तिकडे आई पाट्यावर भाजलेले शेंगदाणे, हिरवी मिरची आणि जिरं वाटत असे. शेंगदाणे सालं काढून, तेल सुटेपर्यंत वाटलेले. मिरची खानदेशी माणसाला साजेशी, म्हणजे पोरांच्या डोळ्यांत पाणी येईल इतकी. ते वाटण पातेल्यात जायचं, शेंदेलोण पडायचं आणि एक उकळी. उकळी फुटली की लगेच उतरवायचं. फार उकळलं तर कढण खिरीसारखं घट्ट होतं आणि शेंगदाण्याचा वास पुढे येतो. शेवटी कढल्यात तूप तापवून जिऱ्याची फोडणी. जिरं काळं होऊ द्यायचं नाही. फोडणी वरून ओतली की जिजी झाकण घालून त्यावर हात ठेवून बसायची आणि मगच वाढायची.

गोड, तिखट आणि खारट तिन्ही चवी जिभेवर एकाच वेळी यायच्या. शेंगदाण्याने त्याला अंग यायचं. आम्ही वाटी तोंडाला लावूनच प्यायचो.

एक गोष्ट आम्हाला मोठेपणी कळली आणि तिने आम्हाला फार विचारात पाडलं. रताळं, शेंगदाणा आणि मिरची, तिन्ही अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर जहाजांतून, मुख्यतः पोर्तुगीजांच्या हातून ती इकडे आली. ज्ञानेश्वरांच्या काळात आपल्याकडे यातलं एकही नव्हतं. म्हणजे आपल्या कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी परक्या मुलखातून आलेली ही पिकं चाखून पाहिली, ओळखून घेतली, महादेवापुढे ठेवण्याइतकी आपली केली. साबुदाणा आणि बटाटा धरला तर आपला सगळा उपासच त्यांनी नव्याने मांडला. हे काम कुणाच्या नावावर नाही. पोथ्या लिहिणारे पुरुष होते, चुलीपुढच्या या बायकांची नोंद कुणी केली नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

मग गॅस आला. पडवीतली चूल आधी पावसाळ्यात बंद झाली, मग कायमची. धुराने मोठ्या आईचे डोळे जायची वेळ आली होती, तेव्हा चूल गेली ते उत्तमच झालं. तिच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी तिच्यापुढे एक पावसाळा बसून पाहावं. पण राख गेली आणि रताळी कुकरमध्ये शिरली. तीन शिट्ट्यांत काम व्हायचं. कढण पूर्वीसारखंच दिसायचं, चवीला मात्र सपक. कुणी गूळ घालून पाहिला. जिजी एक घोट घेऊन वाटी खाली ठेवायची आणि म्हणायची, "रताळं भाजेल नई शे." तिने तिच्यापुरतं निदान केलं होतं, आम्ही ते म्हातारपणाची कुरकुर समजून सोडून दिलं.

ती चव परत सापडली ती न्यू जर्सीतल्या बहिणीला. तिकडे रताळी आतून गाजरासारखी नारिंगी. तिने ती सालीसकट ओव्हनमध्ये मंद आचेवर दोन तास ठेवली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे सालीवर तोच काळा पाक फुटून आला. तिने लगेच फोन केला. इथे पहाट होती. नारिंगी रताळं जरा ओलसर असतं, म्हणून तिला पाणी कमी लागतं. पण त्या रंगातच त्याचं मोल आहे. शरीर त्यातून अ जीवनसत्त्व तयार करतं. आफ्रिकेत मोझांबिक, युगांडा अशा देशांत मुलांना या जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या आंधळेपणापासून वाचवण्यासाठी नारिंगी रताळ्याचा प्रसार झाला, आणि त्या कामातल्या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने नारिंगी गराचे वाण काढले आहेत. खानदेशातल्या बाजारात अजून लाल सालीचं, पांढऱ्या गराचंच रताळं जास्त दिसतं. नारिंगी इथे यायला हवं, आमच्या गिरणाकाठच्या जमिनीत यायला हवं, असं आम्हाला तळमळीने वाटतं.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी पुण्याच्या वहिनींनी वाट काढली. जाड बुडाची लोखंडी कढई, तळाला बोटभर खडं मीठ, त्यावर न चिरलेली रताळी, वर घट्ट झाकण आणि सगळ्यात बारीक आच. मध्यम रताळ्याला तास-सव्वा तास लागतो. मधे एकदा उलटायची. मीठ वाया जात नाही, पुन्हा पुन्हा तेच वापरता येतं. चार माणसांना अर्धा किलो रताळी, चार वाट्या पाणी, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं वाटण, दोन मिरच्या, चमचाभर तूप. मिक्सर वापरायचा तर गर आधी चाळणीतून काढावा, नाहीतर दोरे बारीक होऊन कढणातच राहतात. रवीने घुसळलेलं मात्र वेगळंच लागतं. मिक्सरचं फार एकजीव होतं, कणकण जिभेला लागत नाही.

आंबटाबद्दल आमच्यात दोन पक्ष आहेत. कल्याणची ताई ताक घालते, सुरतेचा भाऊ लिंबू पिळतो. जिजी दोन्ही घालत नव्हती, त्यामुळे तिचा दाखला कुणालाच देता येत नाही. ताक गरम कढणात फाटतं आणि शेंगदाण्याची चव मारतं. लिंबू उतरवल्यावर, वाढताना, दोन-चार थेंब, हे बहुतेकांना पटलं आहे.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. रताळं वर्षातून तीन दिवसांपुरतं उपासाच्या ताटात अडकवून ठेवू नये. ते स्वस्त आहे, पोटाला चांगलं आहे, हलक्या जमिनीत येतं. हल्ली थंडीच्या दिवसांत आमच्याकडे रात्रीचं जेवण म्हणूनच कढण होतं. उपास नसल्यामुळे वर लसणाची फोडणी आणि कोथिंबीर, सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीबरोबर उडीद आणि मीठ घालून दळलेल्या त्या पिठाची भाकरी जरा कडक भाजलेली असावी, म्हणजे कढणात बुडवली तरी मोडत नाही.